डॉल्फिन ऐकायला खान्देशाने का शिकावं

2025 च्या एप्रिलमध्ये गूगलने 'डॉल्फिनजेम्मा' नावाचं, डॉल्फिनच्या आवाजांवर शिकवलेलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल जाहीर केलं आणि चार-आठ दिवसांत आमच्या जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही 'आता डॉल्फिन माणसाशी बोलणार' असे व्हिडिओ येऊन थडकले. त्याखाली ओळखीतल्या एका शेतकऱ्याने अहिराणीत एकच ओळ टाकली होती: "आठे मानूसनं कोनी ऐकत नही, अन् तुम्ही मासानं काय ऐकतस?" डॉल्फिन मासा नाही, सस्तन प्राणी आहे, अशी दुरुस्ती कुणीतरी लगेच केली. पण तेवढ्याने प्रश्न काही निकाली निघत नाही. कापसाच्या भावाची दरवर्षीची रड आहे, केळीच्या विम्यासाठी हेलपाटे आहेत, विहिरीवरच्या मोटारीला वीज मिळते ती रात्री-अपरात्री. अशा मुलखात डॉल्फिनच्या शिट्ट्यांचं कौतुक कुणाला आणि कशासाठी, असं विचारणाऱ्याला अडाणी म्हणून उडवून लावणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्याला उत्तर द्यायला हवं.

माझं उत्तर असं आहे. डॉल्फिनशी गप्पा मारण्याची स्वप्नं हा या विज्ञानाचा सगळ्यात कच्चा भाग आहे, तो बाजूला ठेवा. पक्का भाग आहे तो वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी बसून ऐकण्याचा आणि ऐकलेलं लिहून ठेवण्याचा. त्याची गरज समुद्रकाठाला जितकी आहे तितकीच तापीकाठाला आणि सातपुड्याला आहे, आणि आपल्याकडे ती नोंद ठेवायची व्यवस्था नाही.

आधी डॉल्फिनचं बघू. त्याला आपल्यासारख्या स्वरतंतूंचा उपयोग नाही. आवाज निघतो तो डोक्यावरच्या श्वासछिद्राखाली, नाकाच्या मार्गातल्या ओठांसारख्या मांसल पाळ्यांतून. कपाळात चरबीचा एक गोळा असतो, तो आवाजाला पुढे एकवटून फेकतो. परत आलेला आवाज कानाच्या भोकातून आत जात नाही, खालच्या जबड्यातल्या चरबीतून आतल्या कानापर्यंत पोहोचतो. आवाजांचे ढोबळ तीन प्रकार. एक, लांब वळणदार शिट्ट्या. दुसरे, तुटक टिकटिक आवाज, ज्यांच्या प्रतिध्वनीवरून तो समोरच्या माशाचा, दगडाचा, जाळ्याचा ठाव घेतो. तिसरे, याच टिकटिकीचे इतके दाट झुबके की आपल्याला करकर किंवा किंचाळल्यासारखं ऐकू येतं. भांडणात, धसमुसळेपणात ते जास्त असतात. आपल्या कानाची धाव फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंत. बाटलीनाक डॉल्फिनची टिकटिक लाखाच्या वर जाते. म्हणजे त्याच्या आवाजाचा मोठा हिस्सा आपण जन्मभर पाण्यात बसलो तरी ऐकणार नाही.

शिट्टीला शिट्टी म्हणायचं तेही सवयीने. खरी शिट्टी हवेच्या पोकळीच्या घुमण्याने वाजते, त्यामुळे हवेत हेलियम मिसळला की तिची पट्टी चढते. एका डॉल्फिनला हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण श्वासात दिलं असतानाची 1977 मधली ध्वनिमुद्रणं संशोधकांनी 2011 मध्ये पुन्हा तपासली, तर पट्टी जागची हललेली नव्हती. म्हणजे ही पोकळीची करामत नव्हे, पाळ्यांच्या थरथरण्याची. चौतीस वर्षं जुनी टेप कुणीतरी सांभाळून ठेवली होती म्हणून हे कळलं. हा मुद्दा मला पुढे लागणार आहे.

आता खरी अडचण. दहा डॉल्फिन एकत्र पोहताहेत, पाण्यात शिट्ट्यांचा गदारोळ आहे. त्यातली कोणती कुणाची? त्यांचं तोंड हलत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून जास्त वेगाने. त्यामुळे डावी-उजवीकडचा जो फरक आपला कान हवेत सहज टिपतो तो पाण्याखाली टिपता येत नाही. डुबकी मारलेल्या माणसाला आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो. यावर एक उपाय म्हणजे पाण्यात टाकायचे मायक्रोफोन, हायड्रोफोन, ठरावीक अंतरावर अनेक लावायचे आणि एकच आवाज प्रत्येकापाशी किती उशिरा पोहोचला यावरून त्याची जागा काढायची. दुसरा उपाय अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या सारासोटा उपसागरात वापरला जातो. तिथे 1970 पासून एकाच वस्तीतल्या जंगली डॉल्फिनांवर काम चालू आहे. पाठीवरच्या परावरच्या खाचांवरून प्रत्येक जनावर ओळखलं जातं. कुणाची आई कोण, आजी कोण, हे वहीत आहे. अधूनमधून त्यांना उथळ पाण्यात जाळ्याने घेरून तब्येत तपासतात आणि तेवढ्या वेळात डोक्यावर रबरी वाटीने चिकटणारा हायड्रोफोन लावतात. त्या वाटीत आलेला आवाज त्याचाच, दुसऱ्याचा नव्हे. मग सोडून देतात.

ही मुद्रणं पडद्यावर आडवी काळाची आणि उभी पट्टीची रेघ करून पाहतात. काळपट पार्श्वभूमीवर शिट्टीची उजळ रेघ दिसते: वर चढते, माथ्यावर जरा थबकते, खाली घसरते, पुन्हा एक छोटी उसळी. तीच वळणं, थोड्या अंतराने, पुन्हा. शेजारच्या डॉल्फिनची रेघ वेगळी, समजा सलग तीन लाटांची. 1965 मध्ये डेव्हिड आणि मेल्बा कॉल्डवेल या दांपत्याने पाळीव डॉल्फिनांवरून मांडलं की प्रत्येकाची एक स्वतःची शिट्टी असते. पुढे कळलं की ओळख आवाजाच्या पोतात नसून रेघेच्या आकारात आहे. संगणकावर बनवलेली कोरडी नक्कलही पुरते. 2013 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर स्टेफनी किंग आणि विन्सेंट जॅनिक यांनी जंगली डॉल्फिनांना अशा नकला ऐकवल्या. ज्याची शिट्टी त्याने तीच शिट्टी परत वाजवून प्रतिसाद दिला, परक्यांच्या शिट्टीला तसा दिला नाही. नावाने हाक मारली की 'ओ' द्यावी, त्याच्या फार जवळ जाणारी ही गोष्ट आहे.

2023 मध्ये याच सारासोटाच्या नोंदींतून आणखी एक निष्कर्ष आला. आई पिल्लाजवळ असताना स्वतःचीच शिट्टी जास्त उंच पट्टीत आणि जास्त चढउतार करून वाजवते. पिल्लू नसताना तीच आई तीच शिट्टी साधी वाजवते. आपल्या बायाबापड्या तान्ह्याशी बोलताना आवाज बदलतात, तसंच. बातमीत हे गोड वाटलं. मला मात्र त्यामागचा आकडा महत्त्वाचा वाटतो: 19 माता, 34 वर्षांची मुद्रणं. एकाच आईचा पिल्लासह आणि पिल्लाविना, असा दोन वेळचा आवाज हाताशी असल्याशिवाय ही तुलना करताच येत नाही. तो आवाज कितीही पैसे मोजले तरी नंतर विकत मिळत नाही.

आता भाषांतराकडे. 1960 च्या दशकात जॉन लिली या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक-दोन दशकांत माणूस दुसऱ्या प्राणिजातीशी संवाद करील असं सांगितलं होतं. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने, नासाने, त्याच्या कामाला पैसे दिले. कॅरिबियन बेटावर पाणी भरलेल्या घरात एका डॉल्फिनला इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग झाला. हाती फारसं लागलं नाही, उलट या विषयाची बदनामी झाली. दुसरीकडे डेनिस हर्झिंग या संशोधक 1985 पासून बहामाच्या निळ्या पाण्यात ठिपकेवाल्या डॉल्फिनांचं चित्रण आणि ध्वनिमुद्रण करत आल्या. डॉल्फिनजेम्मा हे मॉडेल त्यांच्याच चाळीस वर्षांच्या साठ्यावर शिकवलेलं आहे. ते एका आवाजानंतर कोणता आवाज येईल याचा अंदाज बांधतं. त्याचा अर्थ काय, हे त्याला ठाऊक नाही, आणि त्या संशोधकही तसा दावा करत नाहीत. दावा व्हिडिओवाले करतात. त्याच 2025 सालात लैला सायिघ यांच्या सारासोटातल्या गटाला प्राणी-संवादावरचं एक लाख डॉलरचं कोलर-डूलिटल पारितोषिक मिळालं. त्यांनी काय सांगितलं? स्वतःच्या शिट्टीखेरीज इतरही काही शिट्ट्या अनेक डॉल्फिन समान वापरतात. त्यांतली एक बहुधा धोक्याची, दुसरी बहुधा 'हे काय?' अशा बुचकळ्याची. इतक्या दशकांच्या कामानंतरही 'बहुधा'. मला ही माणसं म्हणूनच विश्वासाची वाटतात.

हे सगळं परक्या समुद्रातलं झालं. आपल्या देशाचं म्हणाल तर गंगेतला डॉल्फिन 2009 साली राष्ट्रीय जलचर ठरला. 2025 च्या मार्चमध्ये जाहीर झालेल्या पहिल्या सर्वंकष गणनेत देशाच्या नद्यांत 6,327 डॉल्फिन मोजले गेले, त्यांतले तीन बियास नदीतले सिंधू डॉल्फिन, बाकी सगळे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. गंगेतल्या डॉल्फिनच्या डोळ्यात भिंगच नाही. उजेड-अंधार कळतो, इतकंच. गढूळ पाण्यात तो जवळजवळ अखंड टिकटिक करत जगतो, म्हणून मोजणीत डोळ्यांबरोबर हायड्रोफोनही वापरले गेले. आता त्याच गंगेत हल्दियापासून प्रयागराजपर्यंत 1,620 किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 1 आहे. मयूख डे, नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलं की जहाजांच्या आवाजात डॉल्फिनची टिकटिक बुडून जाते, त्याचं वागणं बदलतं, आणि त्यांच्या हिशेबानुसार शरीरावरचा ताण दुपटीहून जास्त होतो. उन्हाळ्यात पाणी उथळ झालं की परिणाम आणखी वाईट. म्हणजे नदीत पाणी किती सोडता, हाही आवाजाचाच प्रश्न आहे.

आणि इथे खान्देश येतो. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले 111 जलमार्ग ठरवले. त्यांत आपली तापीही आहे: क्रमांक 100, हतनूर धरणापासून खंभातच्या आखातापर्यंत, 436 किलोमीटर. हे वाचून मी हसलो होतो. हतनूरच्या खाली शेळगाव, पाडळसे, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी बॅरेजेसची माळ आहे, त्यातलं पाडळसे पिढी बदलली तरी पुरं होईना. पुढे उकाई धरणाची भिंत. उन्हाळ्यात मधल्या पट्ट्यात डबकी उरतात. जहाज येणार नाही, हे पोराटोरालाही कळतं. तापीत डॉल्फिनही नाहीत. तरी त्या यादीतून एक कळतं. नकाशावर रेघ ओढताना या नदीत कोण राहतं, काय आवाज करतं, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. आणि विचारलं असतं तरी उत्तर द्यायला कुणाकडे नोंद नव्हती.

आवाजच मोजत नाहीत असं नाही. कुठल्याही मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात आवाजाचा तक्ता असतो. पण तो मीटर बहुतेक वेळा गावाच्या पारावर किंवा शाळेपाशी लावलेला असतो आणि तो मोजतो ते डेसिबल 'ए' पट्टीचे असतात. ही पट्टी माणसाच्या कानाला जुळवून घेतलेली आहे. ज्या आवाजांना आपला कान मंद त्यांना ती कमी वजन देते. 2000 सालच्या ध्वनी नियमांतली वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 ही मर्यादाही याच पट्टीत आहे. लग्नाच्या वरातीतल्या डीजेची तक्रार करायला ती ठीक. (तक्रार करून काय होतं, हा निराळा लेख.) पण वटवाघूळ, बेडूक, पाण्यातला मासा यांच्या दृष्टीने तो तक्ता जवळजवळ कोरा असतो. डॉल्फिनच्या अभ्यासातून आलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला ही वाटते: आवाजाने कान फुटला तरच नुकसान होतं असं नाही. हाक पोहोचली नाही, एवढंच पुरतं. अमेरिकेच्या मेरीलँडच्या किनाऱ्यावर 2018 मध्ये दिसलं की जहाजांचा गोंगाट वाढला की डॉल्फिन आपल्या शिट्ट्यांची वळणं कमी करून त्या सपाट करतात. फ्लोरिडात दोन पाळीव डॉल्फिनांना एकाच वेळी बटण दाबायचं काम दिलं, तर गोंगाटात ते जास्त जोरात, जास्त लांब शिट्ट्या देऊनही यशाचं प्रमाण 85 टक्क्यांवरून 62.5 टक्क्यांवर आलं.

आमच्याकडे ऐकण्याची परंपरा नाही म्हणावं तर तसंही नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ 25 नोव्हेंबर 1997 रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षीअभ्यासकांना रानपिंगळा हे लहानसं घुबड दिसलं. 1884 नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता, लोक त्याला नामशेष धरून चालले होते. मधला 1914 चा गुजरातमधल्या मांडवीचा म्हणून दाखवला जाणारा नमुना रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्याने चोरलेल्या जुन्या पक्ष्यावर खोटी चिठ्ठी लावून बनवला होता. ती लबाडी ओळखून शोध खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळला, म्हणून तर खान्देशात पक्षी सापडला. पण मला सांगायचंय ते त्यापुढचं. 1884 पर्यंत या पक्ष्याच्या कातड्या म्युझियमच्या कपाटांत जमल्या होत्या, आवाज मात्र कुणापाशी मुद्रित नव्हता. पुन्हा सापडल्यावरच त्याच्या हाका टिपल्या गेल्या. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या बाजूला राहून त्यांचा अभ्यास केला. साध्या पिंगळ्यापासून हा पक्षी दुरून वेगळा ओळखायला आवाजाचा मोठा आधार झाला. मेळघाटापासून ठाण्याच्या तानसापर्यंत तो आणखी ठिकाणी सापडत गेला.

त्याचबरोबर एक खोडही लागली. पक्ष्याची हाक मोबाइलवर वाजवायची, तो हद्द राखायला फांदीवर येऊन बसला की फोटो काढायचा. विणीच्या दिवसांत हे पुन्हा पुन्हा केलं तर त्या जोडीचं अन्न शोधणं राहतं, घरटं उघडं पडतं. डॉल्फिनवाले ऐकवण्याचे प्रयोग मोजके आणि परवानगीने करतात ते याच भीतीने. नुसतं ऐकल्याने पक्ष्याला त्रास होत नाही, ऐकवल्याने होतो, म्हणून ऐकवण्याला नियम लागतात. सातपुड्यात ते आज कागदावर असतील, झाडाखाली नाहीत.

पैशाचा मुद्दा राहिला. जंगलात लावायची तळहातात मावणारी स्वयंचलित ध्वनिमुद्रण यंत्रं आज साध्या स्मार्टफोनच्या किमतीत मिळतात आणि वटवाघळाच्या पट्टीपर्यंत ऐकतात. पाण्यात वापरायची त्यांची भावंडंही आहेत. महागडी गोष्ट यंत्र नव्हेच. महाग आहे तो माणूस, जो दर पंधरा दिवसांनी जाऊन बॅटरी बदलेल, कार्ड आणेल आणि कुठे, कधी, हवा कशी, हे लिहील. पुढच्या वर्षीही लिहील. आमच्याकडे विद्यापीठ आहे, तालुक्या-तालुक्याला विज्ञान महाविद्यालयं आहेत, दर वर्षी गुणांसाठी प्रकल्प करणारी शेकडो पोरं आहेत, ज्यांचे प्रकल्प बांधणी होऊन कपाटात जातात. तापीकाठचे भोई आणि कोळी आहेत. काही मिशीवाले मासे पाण्याबाहेर काढल्यावर काटा घासून कुरकुर करतात, हे त्यांना हायड्रोफोनवाचून माहीत आहे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांना पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. या माणसांना मजुरी देऊन, नाव देऊन कामात घेतलं तर त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे: माणसाचं ऐकल्याशिवाय हे काम होतच नाही.

पण एक धोका मोकळेपणाने मांडतो, कारण या कामाचे उत्साही लोक तो टाळतात. जंगलात टांगलेलं यंत्र पाखराबरोबर माणूसही टिपतं. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या बाया, सरपणाचा कुऱ्हाडीचा घाव, बैठकीतलं बोलणं. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे वनहक्काच्या दाव्यांवरून आजही ओढाताण आहे, तिथे असं यंत्र उद्या पाळतीचं साधन होऊ शकतं. म्हणून ग्रामसभेची परवानगी आधी, यंत्र नंतर. माणसांचे आवाज गाळूनच साठवायचं. आणि या मुद्रणावरून कुणावर गुन्हा दाखल होणार नाही हे लेखी. यातलं काही जमत नसेल तर गावाच्या रानात यंत्र लावूच नये, नदीपासून सुरुवात करावी.

नदीची घाई आहेच. 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापीचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या 'तापी मेगा रिचार्ज' प्रकल्पाचा करार झाला. प्रकल्पाच्या बऱ्या-वाईटाचा वाद मी इथे काढत नाही. रावेर-यावलच्या बोअरची पातळी ज्याने पाहिली आहे त्याला पाणी मुरवण्याचं महत्त्व सांगायला नको. माझं मागणं लहान आहे. यंत्रसामग्री नदीत उतरण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष तापी ऐकली जावी: चांगदेवला पूर्णेच्या संगमावर, हतनूरच्या फुगवट्यात जिथे हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, आणि प्रकाशाच्या खाली. मोटारी चालू असलेल्या रात्री आणि वीज नसलेल्या रात्री, दोन्ही. पाण्याच्या वर आणि पाण्याच्या आत. मुद्रणं सगळ्यांना खुली, एका प्राध्यापकाच्या हार्ड डिस्कमध्ये नकोत. वर्ष म्हणजे उन्हाळाही आला, पूरही आला, म्हणून यंत्रं पावसाळ्याच्या आत लागायला हवीत. प्रस्ताव विद्यापीठाने पाठवायचा की जिल्हा नियोजन समितीने मागवायचा, यावर त्यांनी खुशाल भांडावं, पण जूनच्या आधी.